धनेशमामाची वाट कुणी अडवली?

"एकही नाही! एकसुद्धा ताजी बी नाही!" रुंग गुडघे टेकून पाला चिवडत होती. "मोत, खाणं थांबव आणि इकडे बघ!"

"माझ्या हातात भात आहे," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. बांबूच्या नळीतला गोड चिकट भात तो सकाळपासून बोटांनी खरवडत होता.

"भात हातात आहे ना? डोळ्यांत तर नाही!"

रुंगने कपाळावर हात मारून घेतला. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून तिने हे इतक्या वेळा केलं होतं, की कपाळाला घट्टे पडायचेच बाकी होते!

देवळामागून अभयारण्याची पायवाट सुरू होई आणि पायवाटेच्या टोकाला हे उंचच उंच झाड होतं. त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेशाची मादी स्वतःला कोंडून घ्यायची. ढोलीचं तोंड ती चिखलाने लिंपून टाकायची आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवायची. मग अंडं, मग पिल्लू. तोवर दोघांचं पोट नराच्या भरवशावर! तो घशात उंबरं आणि मोठ्या बियांची रानफळं भरून आणायचा आणि फटीतून एकेक भरवायचा. गावातले सगळे त्या जोडीला मामा-मामी म्हणत. झाडाखाली बियांचा सडा पडलेला असे. यंदाचा सडा मात्र पार वाळून गेला होता.

"फलक क्रमांक सहा," गोल्फने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हा त्यांचा बँकॉकचा मावसभाऊ. "नर धनेश दिवसातून अनेक वेळा अन्न घेऊन..."

"अरे, फलक काय वाचतोस? झाडाखाली बघ!"

"पण इथे लिहिलंय की तो येतो."

"लिहिलंय. पण येत नाहीये!"

तेवढ्यात पायवाटेवरून मानोपकाका आले. मागे पर्यटकांची रांग, गळ्यात शिट्टी, तोंडापुढे माइक. अभयारण्यात येणाऱ्या लोकांना जंगल समजावून सांगायचं काम त्यांचं. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव होतं 'जंगलाचं ऐका'. झाडासमोरच्या मांडवात 'शांतता पाळा' अशी पाटी होती आणि नेमका तिच्याच खाली त्यांनी गेल्या आठवड्यात नवाकोरा भोंगा टांगला होता!

"मंडळी, आता गंमत बघा!" काकांनी बटण दाबलं.

खॉक्! खॉक्! खॉक्! नर धनेशाचा ध्वनिमुद्रित आवाज झाडाझाडांवर आदळला. पर्यटकांनी टाळ्या पिटल्या आणि मोबाइल उंचावले.

"पक्षी कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"येईल, येईल! आवाज वाढवतो!"

रुंगला राहवेना. "काका, मामा येतच नाहीये. मामी उपाशी आहे. खाली बिया बघा ना!"

"उद्या बघू. उद्या खात्याच्या मोठ्या बाई येणार आहेत. त्यांना आवडलं, तर प्रत्येक घरट्यापाशी असा भोंगा लागणार!"

"पण आज..."

"तुम्हीच पोरं गलोली मारून त्याला पळवत असणार! जा, शाळेत जा."

"सुट्टी आहे, काका."

"मग घरी जा!"

घरी कोण जातंय? तिघं ओढा ओलांडून समोरच्या कातळावर चढली. गोल्फची नवी दुर्बीण आजवर फक्त फलक वाचायला वापरली गेली होती. रुंगने ती त्याच्या गळ्यातून जवळजवळ हिसकावलीच.

"तो बघा! वाळलेल्या खोडावर! मामा!"

मामाचा घसा उंबरांनी टम्म फुगला होता. तो घरट्याच्या दिशेने झेपावला आणि तेवढ्यात खालून भोंगा ओरडला. खॉक्! मामा हवेतच वळला. मान खाली घालून तो झाडाभोवती घिरट्या घालू लागला, प्रत्येक फांदीवर कुणालातरी शोधू लागला. कुणीच दिसेना. भोंगा पुन्हा ओरडला. मामा थेट डोंगरापलीकडे निघून गेला, घशातली उंबरं तशीच घेऊन!

"त्याला वाटतंय, झाडावर दुसरा नर येऊन बसलाय," रुंग पुटपुटली.

"भोंग्याला घाबरत असेल," गोल्फ म्हणाला.

"मुळीच नाही! उपोसथाच्या पवित्र दिवशी काकांचा कार्यक्रम बंद होता. देवळाच्या भोंग्यावर सकाळभर भिक्खू लुआंग-तांचं प्रवचन चाललं होतं, ते पार इथपर्यंत ऐकू येत होतं. आणि त्याच दिवशी त्या झाडाखाली आजीच्या छत्रीवर बी पडली होती. मोत, आठवतं?"

"हो, आजी मलाच ओरडली!" मोत म्हणाला. "मी टाकली म्हणून!"

म्हणजे त्या दिवशी मामा आला होता! गोल्फने दुर्बीण परत घेऊन फलकाकडे वळवली. "अन्न न मिळाल्यास मादी भिंत फोडून बाहेर पडते आणि पिल्लू..." तो थांबला. सुट्टीभरात पहिल्यांदाच त्याने फलक अर्धवट सोडला.

रुंगने दुर्बीण पुन्हा घेतली आणि ढोलीवर धरली. फटीतून चोच बाहेर आली, उघडली आणि मिटली. काहीच न मिळता.

देवळाच्या अंगणात लुआंग-ता पाला झाडत होते. गावातले हे म्हातारे भिक्खू प्रवचन गाऊन सांगत. एका आईची कथा त्यांच्या गळ्यातून ऐकावी! ती रानातून फळं घेऊन लेकरांकडे निघते आणि तीन श्वापदं तिची वाट अडवून बसतात. ती हात जोडून विनवते, 'वाट द्या, माझी लेकरं भुकेली आहेत.' लुआंग-तांचा सूर तिथे असा थरथरे, की आज्यांचे पदर ओले होत आणि दंगेखोर पोरंही मुकाट बसत.

रुंग त्यांच्यापुढे बसली आणि तिने सगळं भडाभडा सांगून टाकलं. "मोठी माणसं ऐकतच नाहीत हो!"

"माझं तरी कुठे ऐकतात?" लुआंग-ता हसले. "नुसता बोललो की जांभया देतात. गायलो की मात्र हात जोडून गप्प बसतात."

रुंगचे डोळे एकदम लकाकले. "लुआंग-ता, त्या प्रवचनाचं मेमरी कार्ड द्याल? उद्यापुरतं?"

"कुणाला ऐकवणार?"

"ज्यांना ऐकायची गरज आहे त्यांना."

लुआंग-तांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कार्ड आणून त्यांनी पायरीवर ठेवलं; भिक्खू मुलींच्या हातात थेट काही देत नसत. रुंगने हात जोडले आणि ते उचललं. "कुणाचं काही घेतलंस, तर परत कर हो," एवढंच ते म्हणाले.

सकाळी मोठ्या बाई आल्या. त्यांच्यामागे खात्याची माणसं आणि पर्यटकांचा घोळका. मांडवाच्या वाटेवरच गोल्फने मानोपकाकांना गाठलं.

"काका, फलक क्रमांक दोनमध्ये एक चूक आहे. आणि तीनमध्ये. चारबद्दल तर मला खूपच शंका आहेत!"

"अरे बाबा, नंतर!"

"पण पाचवा फलक तर उलटा लावलाय!"

काका घाबरून पाचवा फलक बघायला धावले. तो सुलटाच होता! तेवढ्यात रुंगने भोंग्याच्या डब्यातलं कार्ड बदललं आणि काकांचं कार्ड रुमालात गुंडाळलं. मोत पहाऱ्यावर होता, म्हणजे केळं खात होता.

"बाईसाहेब, आता ऐका जंगलाचा आवाज!" काकांनी ऐटीत बटण दाबलं.

भोंग्यातून लुआंग-तांचा सूर उमटला, सावकाश आणि खोल. काकांचं तोंड उघडंच राहिलं. ते डब्याकडे झेपावले, पण बाईंनी केव्हाच हात जोडले होते! त्या खाली बसल्या. त्यांच्यामागे सगळी माणसं बसली आणि परदेशी पर्यटकही त्यांचं बघून हात जोडून बसले. बाईंनी काकांकडे असा एक कटाक्ष टाकला, की चालू प्रवचन बंद करायची त्यांची छातीच झाली नाही. तेही बसले.

कुणी हलेना, कुणी बोलेना. आई रानातून फळं घेऊन निघाली होती. वाट अडली होती.

रुंगचा जीव कानांत गोळा झाला होता. ये ना मामा, ये!

सूऽऽ सूऽऽ... पंखांचा आवाज! डोंगराकडून तो मोठा काळा-पांढरा पक्षी आला, खोडाला बिलगला आणि मान हलवून त्याने घशातून एक उंबर वर काढलं. फटीतून चोच बाहेर आली. एक उंबर. दुसरं. तिसरं. आतून पिल्लाची चिरकी हाक आली आणि बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

घसा रिकामा करून मामा उडून गेला. रुंगने डबा बंद केला, काकांचं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. या वेळी कुणीही 'उद्या बघू' म्हणालं नाही.

"मला वाटायचं, तो आवाजाला भुलून येतो," काका खालच्या मानेने म्हणाले. "पहिल्या दिवशी आलाही होता."

"भांडायला आला होता, काका!"

"हा भोंगा आत्ताच्या आत्ता उतरवा," बाई म्हणाल्या. "आणि पोरांनो, शाबास! आम्ही एवढे कार्यक्रम आखतो, पण झाडाखाली वाकून तुम्हीच बघितलंत." पायवाटेवर येऊन उभ्या राहिलेल्या लुआंग-तांनी नुसती मान डोलावली. रुंगला तेवढं पुरेसं होतं.

काकांनी भोंगा स्वतःच्या हाताने उतरवला. "रुंग, आता लोकांना मी सांगू तरी काय?"

"काही नका सांगू. नुसतं बसवा."

"अगं, पण माझा कार्यक्रम..."

टप्! वरून एक ओलीचिंब बी पडली, थेट काकांच्या नव्या टोपीवर! काकांनी ओरडायला तोंड उघडलं.

"शूऽऽ!" केळ्याने भरलेल्या तोंडाने मोत म्हणाला आणि 'शांतता पाळा'च्या पाटीकडे त्याने बोट दाखवलं.