उणे सतरा

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला हात जोडणार नाही. मी स्वतः भुताखेतांच्या गोष्टींवर हसणाऱ्यांतली. पण हे माझ्यासमोर घडलंय. भर दुपारी, लख्ख उजेडात. रात्र, वादळ, गेलेले दिवे... यातलं काहीही नव्हतं. असतं, तर भास झाला म्हणून सोडून तरी देता आलं असतं.

मी तेव्हा अप्लाइड मेकॅनिक्समध्ये एम.टेक. करत होते. शेवटचं वर्ष.

म्हणजे काय, तर कुठल्या वस्तूवर किती भार पडतो, ती किती वाकते आणि कधी मोडते, याचा हिशोब. एवढंच शिकायला दोन वर्षं लागतात.

प्रोजेक्टमधला माझा जोडीदार वर्गात वयाने सगळ्यात मोठा. चार वर्षं साइटवर नोकरी करून, ती सोडून शिकायला आलेला. कॉलेजातही साइटवर असल्यासारखा ओरडायचा, म्हणून आम्ही त्याला मुकादम म्हणायचो. तो मला शहाणे म्हणायचा, आणि ते काही कौतुकाने नव्हे. घरी त्याची आई एकटीच. डिग्री झाली की चांगली नोकरी आणि मग आईला एक दिवसही काम करू द्यायचं नाही, असं त्याचं ठरलेलं.

कॉलेजच्या मागे आमचा टेस्टिंग हॉल होता. उंच पत्रे, सिमेंटची धूळ, वर बंद पडलेला एक पंखा. मध्यभागी आमचा काँक्रीटचा स्लॅब, जेवणाच्या मोठ्या टेबलाएवढा, चार पायांवर ठेवलेला. प्रत्येक पायाखाली एकेक लोडसेल. लोडसेल म्हणजे काटाच समजा, आकडा फक्त स्क्रीनवर दिसतो. स्लॅबवर वाळूची पोती रचायची आणि तो महिनोन्महिने किती वाकतो ते बघायचं, असा आमचा प्रोजेक्ट.

पोती रचण्याआधी काटे शून्य करतात. मिठाईवाला रिकामा डबा ठेवून काटा शून्य करतो ना, अगदी तसंच. डब्याचं वजन धरायचं नाही.

आम्हीही केलं. स्लॅब ठेवला, बटण दाबलं, चारही आकडे शून्य.

ते शून्य टिकतंय का हे बघायला स्लॅब काही दिवस रिकामाच ठेवला. टिकलं. पण त्या दिवसांत हॉलमध्ये एक आवाज यायचा...

टक... टक...

काँक्रीटवर काहीतरी हळूच आपटल्यासारखा. एका लयीत. मग थांबायचा. मग पुन्हा.

"पाइपात हवा अडकली असेल," हॉलचे मामा म्हणाले. मामा म्हणजे तिथले टेक्निशियन, सगळ्या बॅचचे मामा. आम्ही ते मानलं. पाइप हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होता, तरी मानलं.

त्या दुपारी मामा डबा खायला गेले होते. मी स्क्रीनसमोर. मुकादम स्लॅबकडे पाठ करून उकिडवा बसला होता, केबल बांधत.

टक... टक...

"शहाणे, तुझ्या पाइपाला सांग जरा गप्प बस."

आवाज थांबला.

आणि आकडे हलले...

वर नाही. खाली.

शून्याच्या खाली गेले आणि थांबले. बेरीज केली. उणे सतरा किलो.

"मुकादम, स्लॅब उचललास का?"

"मी काय क्रेन आहे?" तो उठायला गेला आणि तसाच परत खाली बसला. "आई गं... पाठ धरली बहुतेक."

मी हसले. खरंच हसले.

मामांनी येऊन काटे तपासले. प्रमाण वजनं ठेवून बघितली. काटे अचूक होते. स्लॅबचा टवकासुद्धा उडालेला नव्हता. मग सतरा किलो गेले कुठे?

"ड्रिफ्ट आहे, काटे आपोआप सरकतात कधीकधी," आमचे गाइड सर म्हणाले. "पुन्हा शून्य करा आणि पोती चढवा. सबमिशनला मोजकेच महिने उरलेत."

पुन्हा शून्य केलं. त्यानंतर आकडे कधीच चुकले नाहीत. टकटकही बंद झाली.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. चार पायांखालच्या आकड्यांवरून भार नेमका कुठे होता हे काढता येतं. ते तर आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. एका संध्याकाळी मी सहज गणित मांडलं.

उत्तर आलं, स्लॅबची कड. ज्या कडेला मुकादमची पाठ होती, ती. बरोबर मधोमध.

कुणीतरी कडेवर पाय सोडून बसावं, तशी जागा...

मी ते त्याला दाखवलं. त्याने आकड्यांवरून एकेक करून बोट फिरवलं.

"म्हणजे आपण शून्य केलं," तो म्हणाला, "तेव्हा ते आधीच वर बसलेलं होतं."

"काहीतरी बरळू नकोस."

"आणि त्या दुपारी उतरलं."

कुठे उतरलं, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. तो उठला आणि सिमेंट मोजायच्या मोठ्या काट्यावर जाऊन उभा राहिला. आपलं वजन त्याला पाठ होतं, व्यायाम करायचा तो.

सतरा किलो जास्त.

अंगाने तर तो वाळत चालला होता.

त्यानंतर मी त्याच्याकडे नीट बघायला लागले. बघितलं नसतं तर बरं झालं असतं. तो पुढे झुकून चालायचा. जिन्यात थांबून धापा टाकायचा. आणि चालताना त्याचे दोन्ही हात मागे जायचे, कमरेखाली एकमेकांत गुंतायचे... त्याला पत्ताही नसायचा. पाठुंगळी घेतलेल्या पोराला आपण खालून आधार देतो ना, तसे.

"हात पुढे घे," मी एकदा ओरडले.

त्याने घेतले. चार पावलं गेला आणि हात पुन्हा मागे.

डॉक्टर झाले. औषधं झाली, पट्टा झाला. मणके दबलेत, जड उचलू नका, असं डॉक्टर म्हणाले. तो कसनुसं हसला. त्यांच्या काट्यावरही सतरा जास्तच भरले. "आमचा काटा बिघडलाय वाटतं," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

एक दिवस त्याला वर्गातून उठताच येईना. दोघांनी धरून बाहेर आणलं. प्रोजेक्ट मी एकटीने ओढला. तो घरी गेला.

मी भेटायला गेले तेव्हा तो पालथा पडून होता. तोंड उशीत. साइटवर शंभर माणसांवर ओरडणाऱ्या माणसाचा आवाजही धड निघत नव्हता.

"शहाणे, उतरव ना गं हे."

आम्हाला सगळं येतं. भार कुठून येतो, कुठे जातो, कशाला मोडतो. उतरवायचा कसा, हे कुठल्या विषयात नव्हतं.

मी त्याच्याकडे पाठ करून खाली बसले. हात मागे केले. वेड्यासारखी म्हणाले, "ये... माझ्याकडे ये."

काहीच झालं नाही. पुन्हा म्हणाले. मग मला रडू कोसळलं.

काकू, म्हणजे त्याची आई, दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती वजन म्हणालात तुम्ही?"

"सतरा किलो."

काकूंनी त्याच्या पाठीकडे बघितलं.

"म्हणजे चार-पाच वर्षांचं असेल," त्या म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. 

"मी उभा आहे," तो म्हणाला. "सरळ उभा आहे गं. काही दुखत नाही."

मी आनंदाने ओरडलेच. मग लक्षात आलं, तो रडत होता.

"आई उठत नाहीये..."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्याला डिग्री मिळाली. नोकरी मिळाली, हवी होती तशीच. आईला त्याने एक दिवसही काम करू दिलेलं नाही. त्या करूच शकत नाहीत.

मी अधूनमधून जाते. काकू पलंगावर कुशीवर असतात, भिंतीकडे जागा सोडून. उताण्या कधीच झोपत नाहीत. तो रोज ऑफिसातून आला की त्यांच्या पलंगाशी पाठ करून बसतो आणि म्हणतो, "ये रे. माझ्याकडे ये. मी फिरवून आणतो." तासन्‌तास बसतो.

ते येत नाही.

गेल्या खेपेला मीही बोलून बघितलं. "काकू, तुम्ही तरी सांगा ना त्याला. आमच्यापैकी कुणाकडेही जाऊ दे."

"हळू बोल," काकू म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय."

मी एकदम आवाज खाली आणला. पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तेच मला सहन होत नाही.

"त्रास नाही गं काही त्याचा," त्या म्हणाल्या. "कुणाचं तरी असेल बिचारं. पण हल्ली फार जड लागतं." मग हात मागे नेऊन त्यांनी काहीतरी नीट केल्यासारखं केलं. "वाढीचं वय आहे ना."

मुकादम दारात उभा होता. त्याने ऐकलं. तसाच आत गेला.

माणसाच्या मणक्याला किती भार सोसतो, हे मला काढता येतं. त्या वयाच्या बाईच्या, आधीच दबलेल्या मणक्याला किती, तेही. मूल वर्षाला साधारण किती वाढतं हे कुणालाही माहीत असतं. मी घरी येऊन गणित मांडलं. उत्तर आलं. ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

पण तोही माझ्याच वर्गात होता.