हलवू नये

यंत्र दुरुस्त झालं होतं, हे खरं. पण ते नीट चालतं का ते बघायला मेकॅनिकने शेजारच्या टेबलावरच्या चार बाटल्या त्यावर ठेवल्या, आणि तिथेच घोळ झाला. बाटल्या हलवणारंच यंत्र ते. बाटल्या गरगर फिरल्या आणि आतल्या पाण्यावरची जाड, सुरकुतलेली साय फाटून तळाला गेली.

दारात प्रयोगशाळेतली संशोधक उभी होती. ती ओरडली नाही, हेच त्याला जास्त लागलं.

"तीन दिवस बोट लावलं नव्हतं मी त्यांना."

"मला वाटलं, नासलंय... साय धरली म्हणून—"

"जीवाणूंची ती सायच तर वाढवत होते!"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

"यंत्र बघायला आलो."

"यंत्र ठणठणीत आहे."

"मग... साय बघतो."

टेबलावर चार नव्या बाटल्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, 'हलवू नये'. तो खाली मान घालून वाचत राहिला, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. तिने त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. हिरवे ठिपके सैरावैरा पळत होते. लाल ठिपके जागच्या जागी.

"ओळखायला रंग दिलेत. हिरवे शेपटीवाले, पोहत सुटतात. जे लाल झाले त्यांनी शेपटी सोडली. ते डिंक बनवतात, त्याच्यावरच साय धरते. वरच्या सुरकुत्यांत काही जण बी होऊन बसतात, वाईट दिवसांसाठी."

"जाती वेगळ्या?"

"छे! एकाच आईची लेकरं."

"मग तू पोह, तू डिंक कर, हे ठरवतं कोण? मुकादम?"

"मुकादम कुणीच नाही. प्रत्येक जण काहीतरी बाहेर सोडतो, शेजाऱ्याला ते कळतं. गर्दी किती, खायला किती... त्यावरून ज्याचा तो बदलतो."

"आणि दोन्ही कामं एकदम?"

"नाही जमत. पोहायचं, नाहीतर चिकटायचं." एवढं बोलून ती उगाचच सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवू लागली.

त्या संध्याकाळी फोनवर ताई म्हणाली, "पायाला भिंगरी आहे तुझ्या! स्थळ आलं तर पत्ता काय सांगू रे मी?" नेहमी तो हसायचा. आज हसला नाही.

चौथ्या दिवशी बाटल्यांवर नवी साय धरली. ती दोघं वाकून बघत होती.

"उद्या निघतो," तो म्हणाला. "कंपनी दर महिन्याला गाव बदलते. इथे त्यांची एक कायमची जागा रिकामी आहे... पण तशी कधी मागितली नाही."

"का?"

"कारण मिळालं नव्हतं." मग घाईने, "ते डिंकवाले पुन्हा पोहू शकतात?"

"साय जुनी झाली की काही सुटतात." तिने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणून काय चिकटायचंच नाही?"

तो तडक निघाला. गडबडीत तो हत्यारांची पेटी तिथेच विसरला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

सकाळी पेटी घ्यायला आला. झाकणावर चिकटपट्टी होती, तिच्या अक्षरात. 'हलवू नये'.

ती पाठमोरी, सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. कान लालबुंद. त्याने तिथूनच फोन लावला. "साहेब, ती इथली जागा... हो, मलाच हवी आहे."

फोन ठेवून त्याने घसा खाकरला. "ही पट्टी निघेल ना?"

"निघेल की," ती मागे न वळता म्हणाली. "काढायची आहे तुला?"

त्याने पेटी तिच्या टेबलाखाली सरकवली... अगदी हळू, वरच्या बाटल्यांना धक्का लागू नये म्हणून.