कोरडी काजळी

हरीओम आमच्या धनजच्या मळ्यात आला, तो तोंड काळं करूनच. कॉलेजातून शिकून आलेला पोरगा, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची काजळी अभ्यासासाठी गोळा करत हिंडत होता. वाऱ्यानं पहिली फुंकर त्याच्याच नाकावर मारली. माझी वैजयंती मेथी खुडता खुडता फिसकन हसली.

“पाणी देऊ का आरसा?”

“आधी पाणी... आरसा तुमचं हसणं थांबल्यावर.”

मी तिथंच जुड्या बांधत होते. मला कोणी विचारलं नाही, पण कान माझे अजून शाबूत आहेत.

मग त्याला दिव्याचीही काजळी हवी झाली. वैजयंतीनं एरंडेलाचा दिवा लावून वर काशाची ताटली पालथी धरली. दोघं ज्योतीवर वाकले — दिव्यावर कमी, एकमेकांवर जास्त.

“काय दिसून राह्यलं तुमाले एवढं?”

“ज्योतीच्या पोटात आधी बारीक गोल मणी होतात. डोळ्याला दिसत नाहीत. वर जाता जाता एकमेकांना चिकटतात, वेड्यावाकड्या माळा होतात.”

“मंग सुटत नाहीत?”

“नाही...” तो तिच्याकडेच बघत होता. “पण तेल-तूप लागलं, की माळ आकसून गोळा होते. म्हणून मला कोरडीच द्या. नाहीतर पुन्हा यावं लागेल.”

पोरीनं ऐकलं ते शेवटचं तेवढं!

सकाळी काजळी डबीत भरून ती बोटानं तूप घोटत बसली.

“काहून वं? कोरडी मांगतली होती ना त्यानं?”

“येऊ दे ना त्याले परत, आई.”

सरळ ‘या’ म्हणायला जीभ झडली असती का? पण आमच्या घरच्या बायका मागत नाहीत. ताठ आहोत आम्ही.

एसटी स्टँडवर त्यानं डबी उघडली. तुपाची चमक पाहिली, तिच्याकडे पाहिलं... आणि झाकण हळूच लावलं. डबी खिशात टाकून गाडीत चढला. ती वाट बघत राहिली. गाडी निघून गेली.

पंधरवड्यानं फोन आला. “कोरडी काजळी आसेगावला एका घरी मिळाली. तुमची डबी मात्र जपून ठेवली आहे.”

“ठेवा,” वैजयंती म्हणाली. एवढंच! त्यानं फोन ठेवला.

परवा त्याच्या लग्नाचा फोटो आला. नवरदेवाच्या गालावर तीट. खाली लिहिलेलं — ‘काजळ तुमचंच.’

वैजयंतीनं फोटो बोटांनी मोठा केला. कितीतरी वेळ पाहिला.

“तूप जास्तच झालं वं आई माह्याकडून,” ती म्हणाली. “पसरून राह्यली पाह्य ना तीट...”