सेकंदाचा ठोका

इस्पितळातली घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत, ही तक्रार जुनीच होती. इंजेक्शन दिल्याची वेळ वॉर्डात एक, औषधांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर भलतीच. एक पेशंट म्हणे कागदोपत्री आधी घरी गेला आणि मग दाखल झाला. काम आमच्या कंपनीला मिळालं आणि साहेबांनी मला पाठवलं. "तुला तसंही रोज तिथे जायचंच आहे," ते म्हणाले.

ते खरं होतं. माझी मोठी बहीण, अक्का, मांडीचं हाड मोडून तिथेच दुसऱ्या मजल्यावर पडून होती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. सकाळी तिचा डबा, मग काम, मग तिच्या उशाशी बसणं, मग घर. त्या दिवसांत मी कुठेही टेकलो की डोळे मिटायचे आणि उठलो की गुडघे कुरकुरायचे.

काम सोपं होतं. गच्चीवर अँटेना बसवली. ती जीपीएसच्या उपग्रहांकडून वेळ घेते आणि तिचं यंत्र दर सेकंदाला एक ठोका खाली पाठवतं. तळघरातला सर्व्हर तो ऐकून सगळ्या कॉम्प्युटरांची घड्याळं लावतो. अडचण एवढीच, की वायर लांबची असल्यामुळे वरचा ठोका आरएस-४२२ पद्धतीनं येतो आणि सर्व्हरला जुनी आरएस-२३२ च कळते. एका घरात एक कुजबुजणारा आणि दुसरा ठार बहिरा असावा, तसं. मग दोघांच्या मधे साबणाच्या डबीएवढा कन्व्हर्टर लावायचा. तो कुजबूज ऐकतो आणि बहिऱ्याच्या कानात ओरडतो. त्याच्यावरचा हिरवा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो. आठवड्याच्या आत सगळी घड्याळं जुळली.

वॉर्डाच्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या.

"झालं का तुमचं काम?" त्यांनी विचारलं.

"झालं. का?"

"काही नाही. हल्ली सगळे एकदम खोकतात."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काच्या उशाशी पेंगत होतो, तेव्हा वॉर्ड खोकला. एक माणूस खोकला असता तर मला जागही आली नसती. मी डोळे उघडले. थोड्या वेळानं सगळ्या खाटा एकदम कुरकुरल्या. सगळ्यांनी कूस बदलली होती. अक्काला प्लॅस्टरमुळे वळता येत नव्हतं, पण तिचा खांदा त्याच वेळी उचलला गेला.

मग एका सकाळी डॉक्टरांनी बोलावून घेतलं. खाटांशेजारच्या यंत्रांवर पेशंटच्या हृदयाचे ठोके दिसतात, प्रत्येक ठोक्याला यंत्र पिप करतं. आता सगळी यंत्रं मिळून एकच पिप ऐकू येत होती.

"तुमच्या त्या डबीनं माझी यंत्रं बिघडवली," डॉक्टर म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. ठोका कुठून तरी अर्थिंगमध्ये झिरपत असणार. मी यंत्रांच्या नेटवर्कच्या वायरी काढल्या, दोन यंत्रं बॅटरीवर चालवून पाहिली. पिप एकच राहिली. शेवटी अक्काचं मनगट धरलं.

"काय रे, आज फार लाडात आलास?" ती म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पुढे सरकला की माझ्या बोटाखाली नाडी उडायची. मागे नाही, पुढे नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचीही तशीच. मग मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी न विचारताच हात पुढे केला.

स्वतःची नाडी मी तपासली नाही.

"काढून बघा ती डबी," डॉक्टर म्हणाले आणि ऑपरेशनला गेले.

अजून सकाळच होती. सिस्टरांनी वॉर्डाचं दार आतून लावून घेतलं. सगळ्यांच्या सलाइनच्या लहान बाटल्या नुकत्याच बदलल्या होत्या. मला फोन लावून सिस्टर तो कानाशी धरून वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मी तळघरात उतरलो. झरोक्यातून ऊन येत होतं, समोरच्या भिंतीवर त्याचा चौकोन पडला होता. मी स्क्रू-ड्रायव्हरनं कनेक्टरचे दोन्ही स्क्रू सैल केले.

"काढतो हं."

"हं," सिस्टर म्हणाल्या.

मी ओढला. तो निघाला. बोटांना कळलं.

हिरवा दिवा लुकलुकत होता.

कनेक्टर जागेवर होता. मला वाटलं, निघालाच नाही. पुन्हा ओढला. हलेना. दोन्ही स्क्रू घट्ट पिळलेले होते. हातात स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. तो माझ्या पिशवीत होता आणि पिशवीची चेन लावलेली होती.

"काढताय ना?" सिस्टरांनी विचारलं.

उन्हाचा चौकोन भिंतीवरून जमिनीवर आला होता. फोनच्या पडद्यावर आमचं बोलणं सुरू होऊन पाऊण तास झाला होता.

"अहो," सिस्टरांचा आवाज बदलला. "वर या."

वॉर्डाच्या दाराशी नातेवाईक जमले होते. "कधीचं दार वाजवतोय, आत सगळे झोपलेत काय?" एक जण वैतागून म्हणाला.

सिस्टरांनी दार उघडलं.

सगळ्या बाटल्या रिकाम्या होत्या.

प्रत्येक हातातून नळीत रक्त वर चढलं होतं.

"आत्ताच लावल्या मी," त्या म्हणाल्या. "आत्ताच." मग त्या खाटेखाटेशी पळत नळ्या बंद करू लागल्या.

कोणी दगावलं नाही. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही दमलाय. घरी जा." तेही खरंच होतं. पुढचं काम मी साहेबांना दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. कन्व्हर्टर अजून तिथेच आहे.

महिनाभरानं अक्काला आमच्या घरी आणलं. पहिल्याच संध्याकाळी तिची नाडी पाहिली. कधी घाईत, कधी रेंगाळत, वयाला शोभेल अशी. मला बरं वाटलं.

त्यानंतर एकदा तिला चहा दिला. कपाकडे न बघता ती म्हणाली, "त्या दिवशी मी जागी होते."

"कधी?"

"बाटल्या संपल्या तेव्हा. हलता येत नव्हतं. मान नाही, बोट नाही. डोळे तेवढे उघडे होते. सिस्टर कानाशी फोन धरून नुसत्या उभ्या. पापणीसुद्धा हलत नव्हती त्यांची."

मी तिच्यासमोर बसलो.

"मग कोणीतरी आलं. घाई नव्हती त्याला. एकेका खाटेपाशी थांबायचं, वाकून बघायचं, पुढे जायचं. माझ्या उशामागे आलं, म्हणून तोंड नाही दिसलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणालं, 'अक्का, लावतो परत.' आणि जिन्याच्या दिशेनं पावलं गेली."

"मी तर तळघरात होतो गं."

"ते मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, तूच." तिनं कप खाली ठेवला. "आवाज तुझाच होता. फक्त दमलेला नव्हता."