कडुलिंबाखाली पाठमोरा

आमची पहिली भेट म्हणजे सरळसरळ धडक. अंबाजोगाईला कॉलेजच्या मैदानावर खो-खोचा सराव चालला होता. हुलकावणी देत मी मागे मागे सरकले ती फक्कीच्या रेषेबाहेर... आणि तिथून पळत येणाऱ्या सोमेश्वरच्या अंगावर. दोघंही धुळीत!

"दिसंना का?" मी उलट त्यालाच विचारलं.

"दिसलीस की," गुडघा झटकत तो म्हणाला, "म्हणून तर पडलो."

असं कुणी बोललं की रागवायचं असतं. मी हसले, आणि तिथंच सगळं बिघडलं.

तो लांब पल्ल्याचा धावपटू. मेंढरांमागं पळूनच पाय तयार झाले, म्हणायचा. आमचा खेळ बघायला रोज कडुलिंबाखाली उभा राहायचा.

"तुझं बरं हाय," मी एकदा म्हणाले. "पडलास तर एकटाच पडतोस. मी बाद झाले की आठजणी मला खातात."

"जिंकल्यावर गळ्यात पडायलाबी आठजणी असतात की... मला कोण हाय?"

मी खाली बसून बुटाची नाडी बांधू लागले. ती सुटलेली नव्हती.

घरी अण्णांनी स्पष्ट सांगितलं होतं : राज्याच्या संघात नाव लागलं तर पुण्याच्या होस्टेलला जा, नाही लागलं तर दिंद्रुडला परत ये, पाहुणे बघून ठेवलेत. निवडीचे दोनच सामने होते. पहिल्यात मी लगेच बाद झाले.

आमच्या प्रशिक्षक वनमाला मॅडम प्रत्येक सामना मोबाइलवर घ्यायच्या आणि नंतर आमची चूक आमच्याच तोंडून वदवून घ्यायच्या. माझा व्हिडिओ त्यांनी थांबवला, मागे नेला, पुन्हा थांबवला.

"तेजश्री, खांबापाशी वळताना बघतेस कुठं?"

मान कडुलिंबाकडे. दर वेळी! साऱ्या मुलींसमोर माझे कान तापले.

संध्याकाळी मी सोमेश्वरला गाठलं. "उद्या येऊ नको. तू असलास की माझं लक्ष—" पुढचं बोलवेना.

"म्हंजी... तुझ्याबी मनात हाय तर."

"हाय," म्हणाले आणि मला रडू फुटलं. कबूल करायची ही काय वेळ होती!

दुसऱ्या दिवशी मी एकदाही तिकडे पाहिलं नाही. पाळी संपेपर्यंत कुणाच्या हाती लागले नाही. नाव लागलं, आठजणी गळ्यात पडल्या. तो आला नाही म्हणून आपण जिंकलो, हे मात्र मला खुपत राहिलं.

मॅडमनी व्हिडिओ लावला. "बघ, आज मान कशी सरळ!"

मी मान बघतच नव्हते. कडुलिंबाखाली सोमेश्वर उभा होता... मैदानाकडे पाठ करून. मी चुकून बघितलंच, तर नजरेला नजर मिळू नये म्हणून. लोक ओरडले की त्याचे खांदे दचकायचे, पण तो वळला नाही. माझा जिंकलेला खेळ त्यानं नुसता ऐकला.

पुण्याला निघाले त्या दिवशी तो स्टँडवर आला. अण्णा तिकिटाचं विचारायला गेले होते. मेंढरामागचा जावई त्यांना कधीच चालणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"वळून का बघितलं न्हाईस रे? एकदा तरी..."

"बघितलं असतं तर तुला जाऊ दिलं नसतं," तो म्हणाला. "लई मोठी हो. आन् मागं बघू नको."

बस सुटली. मान सरळ ठेवायची असं मी ठरवलं होतं. फाटकापाशी बस वळली आणि मी बघितलंच.

तो पाठमोरा उभा होता. कुणी ओरडत नव्हतं, तरी त्याचे खांदे हलत होते.