सात वेळा लागलेला ब्रेक

तारीखच सांगतो, म्हणजे तुम्ही पोरं मध्येच फाटे फोडणार नाही. गेल्या नोव्हेंबरची अठरा, मंगळवार, रात्रीचा पाऊण. आमच्या गॅरेजातला घारू आईला घेऊन दवाखान्यात निघाला. तिच्या छातीत जड वाटत होतं, पण आपल्या पायांनी चालत येऊन ती उशी घेऊन मागच्या सीटवर आडवी झाली.

"गॅस बंद केलास ना रे?"

"केला गं."

डॉक्टर फोनवर म्हणाले होते, अर्ध्या तासात आणा, होईल बरी. रस्ता बारा मिनिटांचा.

हा घारू गाड्यांच्या काचा बसवायचा. केसाएवढा तडा घारीसारखा लांबून ओळखायचा, म्हणून हे नाव. आता पुढच्या काचेला, आरशामागे कॅमेरा असतो. समोर माणूस आला आणि चालवणाऱ्याचं लक्ष नसलं, तर गाडी आधी ओरडते, मग स्वतःच ब्रेक लावते. कितीतरी जीव वाचलेत त्याने. पण काच बदलली की समोर चौकटींचा फळा मांडून, टेपने अंतर मोजून तो कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. तासाभराचं काम.

एकदा घारूने ते टाळलं. गिऱ्हाईक दारात चुळबुळत होतं, यालाही घरी पळायचं होतं. कागदावर 'जुळवला' अशी खूण केली आणि किल्ली देऊन मोकळा झाला. आठ दिवसांनी त्या गाडीने वळणावर एका म्हातारीला उडवलं, ती जागीच गेली. चालकाला डुलकी लागली, असं ठरलं. ब्रेक का लागला नाही, हे कुणी विचारलंच नाही. घारूला ठाऊक होतं. त्याने ब्र काढला नाही. मला सांगितलं ते सगळं संपल्यावर.

तर त्या रात्री तेच वळण आलं. गाडी ओरडली. ब्रेक लागला.

समोर कुणी नव्हतं.

स्वतःच्या गाडीचा कॅमेरा त्याने दोनदा तपासलेला. तो पुढे निघाला. पुन्हा ब्रेक. पुन्हा रिकामा रस्ता. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा त्याने बटण दाबून ती सोय बंदच केली. बंद असल्याचा दिवाही लागला.

तरी ब्रेक लागला.

मग पाचव्यांदा. सहाव्यांदा. दर वेळी गाडी पुन्हा हलायला तीनेक मिनिटं खायची. घड्याळात सव्वा वाजलेला.

"बाई एकटीच उभी आहे रे..." आई मागून म्हणाली.

"कुठे? कुणी नाही गं."

"म्हातारी आहे. घे की आत."

घारूने रिकाम्या रस्त्याकडे पुन्हा पाहिलं. आईला त्याने काहीच सांगितलं नव्हतं.

"आत घे रे..."

"बरं. घेतली. तू बोलू नकोस."

गाडी हलली... आणि सातव्यांदा थांबली.

"आई?"

...

"आई गं?"

दवाखान्याचं फाटक समोर दिसत होतं. उपयोग नव्हता.

दहा दिवसांनी मीच त्याच्या गाडीला नोंदी वाचायचं यंत्र जोडलं. ब्रेक आपोआप लागला की समोरचा अडथळा किती अंतरावर होता, त्याची नोंद राहते. कागद छापून आला. चाळीस मीटर. तीस. बावीस. चौदा. सहा. दोन.

घारू म्हणाला, "काका, शेवटचं वाचा."

तो कॅमेरा फक्त पुढेच बघतो, पोरांनो. मागचं त्याला दिसतच नाही.

सातव्या ओळीत होतं, वजा दीड.

मी टेप लावून मोजलं. कॅमेऱ्यापासून मागे दीड मीटर... म्हणजे त्याच्या आईची उशी.