दाराबाहेरचा जोड

मायाला राग आला तो अक्षताने दार चांगलं काढलं म्हणून. वाईट काढलं असतं तर तिने सांत्वनाचे दोन शब्द ऐकवले असते, कटिंग पाजली असती आणि विषय संपवला असता.

भोईवाड्यात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत धम्मपालची खोली होती. तिथे बसून तो आणि माया तीन वर्षं एक व्हिडिओ गेम बनवत होते. धम्मपाल प्रोग्रॅम लिहायचा, माया चित्रं काढायची. खेळ साधा होता. एका चाळीत फिरायचं आणि कोण घरात आहे, कोण नाही हे दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखायचं. चप्पल बाहेर म्हणजे माणूस आत. चाळीत वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. खेळात मात्र चुकीचं दार वाजवलं की तुम्ही संपलात.

गेमची जाहिरात साध्या चित्रावर तीन महिन्यांपासून ऑनलाइन होती, आता फक्त कव्हर राहिलं होतं. ऑनलाइन स्टोअरवर गिऱ्हाइकाला आधी दिसतं ते काडेपेटीएवढं चित्र. त्यावर बोट पडलं तर पडलं, नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

मायाने कव्हरवर अख्खी चाळ उभी केली. तिन्ही माळे, एकेचाळीस माणसं, कठड्यावरच्या गोधड्या, पिंपं, तुळशी, एका म्हाताऱ्याच्या हातातला पेपरसुद्धा. दीड महिना लागला. धम्मपालने ते चित्र लहान केलं, दुसऱ्या वीस कव्हरांच्या गर्दीत ठेवलं, तीन पावलं मागे सरकला आणि डोळे बारीक करून बघितलं.

"खिचडी दिसतेय गं," तो म्हणाला.

खरं तर हे मायाला आधी कळायला हवं होतं. तिचे वडील, बुधाजी, लालबागला दुकानांचे बोर्ड रंगवायचे. एकेक ओळ झाली की शिडीवरून उतरायचे, रस्ता ओलांडायचे आणि समोरच्या फुटपाथवरून बघायचे. रंगवणारा शिडीवर असतो, वाचणारा बसमध्ये, असं म्हणायचे. पोरीला हे वाक्य पाठ होतं, तरी बाईसाहेब चित्रातल्या शर्टांची बटणं रंगवत बसल्या.

मग धम्मपालने कव्हरसाठी अक्षताला विचारलं. तिघं एकाच कॉलेजातली. अक्षता आता परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरमध्ये मोठ्या कंपनीत डिझायनर होती. एका शनिवारी ती मायाच्या चिंचपोकळीच्या चाळीत फोटो काढायला आली. तिसऱ्या माळ्यावरच्या शेवटच्या, मायाच्या खोलीबाहेर तिने पिवळ्या पट्ट्यांच्या सँडल काढल्या, टाचा भिंतीला टेकवून, अगदी नीट. हाताला संत्र्याच्या वासाचं क्रीम. चहा प्यायली, चाळीचं कौतुक केलं आणि गेली. दोन दिवसांत कव्हर पाठवलं.

मायाचंच दार होतं ते. हिरवट रंग, वरच्या फळीला गेलेली चीर, कडीखालचा तेलकट डाग. दार बंद, आणि खालून उजेडाची पट्टी. बाहेर एकही चप्पल नाही. म्हणजे आत कुणीतरी आहे, पण ते दारातून आत गेलेलंच नाही.

काडेपेटीएवढं केल्यावरही ते दार वीस कव्हरांतून अंगावर येत होतं.

"हेच," धम्मपाल म्हणाला. "तुझं तुला पटतंय ना?"

"पटतंय की," माया म्हणाली. दार तिचं, चाळ तिची, चपलांची युक्तीसुद्धा तिचीच. आणि कव्हरखाली नाव येणार अक्षताचं. मत्सराचं वाईट हेच असतं. समोरचा नालायक असावा एवढीच त्याची मागणी असते, आणि अक्षता काही नालायक नव्हती.

कव्हर वेगवेगळ्या मापांत कापून स्टोअरवर चढवायचं काम मायाकडे होतं. बुधवारी दुपारी ते करता करता तिने ब्रश उचलला आणि चित्रातल्या दाराबाहेर पिवळ्या पट्ट्यांच्या सँडल रंगवल्या. टाचा भिंतीला टेकलेल्या. घे, तिने मनात म्हटलं, बस आता आत. अक्षताची सगळी हुशारी त्या रिकाम्या उंबऱ्यात होती, ती तिला मोडायची होती. चित्र चढवून ती वडापाव खायला खाली उतरली.

गुरुवारी दुपारी धम्मपालचा फोन. "लवकर ये."

ती पोचली तेव्हा तो खुर्चीत मावत नव्हता. तीन महिन्यांत जेवढ्या लोकांनी गेम विशलिस्टला, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकला नव्हता, तेवढ्यांनी एका दिवसात टाकला होता. "ती पिवळी चप्पल," तो म्हणाला. "लहान चित्रात नजर थेट तिथेच जाते. जो तो विचारतोय, ही कुणाची? तूच टाकलीस ना? आता कव्हरवर तुझंच नाव जाणार. अक्षताला मी समजावतो. फोन उचलत नाहीये ती."

मायाला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण झाला तो आनंदच.

तेवढ्यात धम्मपालचा फोन वाजला. अक्षताच्या ऑफिसातला निलेश होता. अक्षता काल दुपारपासून कुणाला दिसली नव्हती. पर्स आणि फोन टेबलावरच होते. कॅमेऱ्यात ती लिफ्टकडे जाताना दिसत होती, खाली उतरताना दिसत नव्हती. घरचे पोलिसात गेले होते.

"काल किती वाजता?" मायाने विचारलं.

"अडीच," धम्मपाल म्हणाला. "का गं?"

तिने पर्स उचलली. चित्र तिने अडीचलाच चढवलं होतं.

चार वाजता ती चाळीत आली. गॅलरीत शेजारच्या लक्ष्मीकाकी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"पावणीक घरात ठेवन खंय गेल्लंस गो?" काकी म्हणाल्या. "दुपारपासून चपला भायर दिसतत."

पाहुणी कुठली? दाराबाहेर पिवळ्या पट्ट्यांच्या सँडल होत्या. टाचा भिंतीला टेकवून, अगदी नीट.

दाराला कुलूप होतं. आई आठवड्यापूर्वीच बदलापूरला भावाकडे गेली होती, आणि किल्ली मायाच्या पर्समध्ये. तिने कुलूप काढलं आणि चपला न काढता आत शिरली. असं ती जन्मात कधी वागली नव्हती. पलंगाखाली ट्रंक. मोरी कोरडी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली विझलेली मेणबत्ती. लपायला जागाच नव्हती, आणि कुणी नव्हतं.

फक्त संत्र्याचा वास होता.

तिने दार लोटलं, कडी लावली आणि लॅपटॉप उघडला. सँडल चित्राच्या वेगळ्या थरावर काढल्या होत्या. एकदा बोट दाबलं असतं तर पुसल्या गेल्या असत्या.

फोन थरथरला. धम्मपालने जाहीर केलं होतं, "कव्हर: माया." खाली दोनशे लोकांचं अभिनंदन. ज्यांनी तिला कधी ओळख दिली नव्हती, असे लोक त्यात होते.

मायाने बटणावरचं बोट उचललं.

सँडल गेल्या तर उरेल ते अक्षताचं दार. आणि हे सगळं काय, योगायोगच असेल. काकींचं वय झालंय. अक्षता रुसून कुठेतरी गेली असेल. उद्या पुसू, ती स्वतःशी म्हणाली. एक दिवस जाऊ दे. आपण काय करतोय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

लॅपटॉप बंद करताना तिचं लक्ष पायांकडे गेलं. निळी स्लीपर, पट्ट्याला सेफ्टी पिन, अजून पायातच. तिला ओशाळल्यासारखं झालं. दार उघडून तिने स्लीपर बाहेर काढली, सवयीने त्या सँडलच्या शेजारी जोडून ठेवली आणि दार लावून घेतलं.

फोन पुन्हा थरथरला. धम्मपाल.

"कव्हरवर दुसरा जोड कधी टाकलास? निळा, पिन लावलेला. जबरदस्त. आता काही बदलू नकोस."

माया तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

दारावर टकटक झाली. "माया, गो माया." काकी होत्या.

"आले काकी," माया म्हणाली.

पुन्हा टकटक.

"आले ना," ती मोठ्याने म्हणाली. कडीला हात लावला. कडी जागची हलेना.

बाहेर काकी कुणालातरी सांगत होत्या, "दोन जोड चपला भायर आसत. पण आतून कोण ओ देना नाय."